ओट्याची उंची

दांडिया बाजारातल्या भाड्याच्या दोन खोल्या,
मागच्या खोलीचा अर्धा तुकडा म्हणजे स्वयंपाकघर.
शिर्के दिवाळीनंतर गेले. किल्ली शेजारी ठेवली,
पंख्याचे डिपॉझिटातून कापून घ्या म्हणाले.
पंखा चालू होता.

पस्तीस हजार. त्यापुढे एक खिळासुद्धा नाही,
असं डायरीत लिहून मी खाली दोनदा रेघ मारली.
जशुभाई मिस्त्री डायरीकडे न बघताच म्हणाले,
"बेन, पांत्रीसमां तो खाली तोडवानुं थाय."

मग मीच निघाले, पिशवी आणि टेप घेऊन.
आजवा रोडला कुठल्याशा हॉटेलानं परत पाठवलेली ग्रॅनाइटची लादी,
एका कडेला केसाएवढी चीर. ती कड भिंतीकडे घेऊ.
सिंक वाडीच्या भंगारातलं, पोचा आलेलं.
टाइल्स तीन लॉटमधल्या उरलेल्या, तिन्ही पांढऱ्या,
आणि तीन पांढरे एकमेकांपासून किती लांब असतात
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

तोडायच्या दिवशी रमतू राठवानं
कडाप्प्याखालचं दार बिजागरीसकट उचकटलं
आणि गच्चीच्या कठड्याला टेकवून ठेवलं.
दाराच्या आत पेन्सिलीनं तारखा.
नुसत्या तारखा, एकाखाली एक, शिर्केबाईंच्या कोरीव अक्षरात.
आधी वाटलं दुधाचा हिशेब. मग वाटलं बायकांचं काही.
मग अगदी वर, पुसट: "बाटला लावला."

उन्हात उभ्या उभ्या वजाबाकी करत गेले.
तीस दिवस. एकतीस. अठ्ठावीस,
तेव्हा पाहुणे आले असतील.
मग सदतीस. बेचाळीस.
शेवटचा एकसष्ट दिवस पुरवलेला.
चार माणसं आणि एक बाटला आणि एकसष्ट दिवस.

सदतीसच्या आधीच्या महिन्यात
मी भाडं सातशेनं वाढवलं होतं.
सगळीकडेच वाढलंय हो, असं म्हणाले होते.
बरं, म्हणाल्या, आणि आत जाऊन चहा टाकला.
बोलता बोलता तो निवला,
तर मी तो पुन्हा गरम करून मागितला.

"बेन! हाइट केटली राखवानी?"

जुना ओटा एकोणतीस इंच.
कुणा बुटक्या बाईच्या मापाचा, ती कोण, कुणाला आठवत नाही.
शिर्केबाई चांगल्या उंच. पोळ्या लाटताना
कंबरेत घडी घातल्यासारख्या दिसायच्या.
एकदा म्हणाल्या होत्या, कंबर धरते फार.
मी त्यांना बाम सुचवला. नावसुद्धा लिहून दिलं.

आता येणारी कोण, किती उंच, कुणास ठाऊक.
दलाल म्हणतो कंपनीतली पोरं येतील,
त्यांचा टिफिन असतो, ओट्यावर हेल्मेट ठेवतील.
जशुभाई म्हणतात, एक थर वाढवला की नऊशे.
डायरीत तीनशे चाळीस उरले होते.

पितळी नळाच्या जागी प्लास्टिकचा घेतला.
थर वाढवला. तेहतीस इंच.
मी पुढ्यात उभी राहून बघितलं,
हात लाटणं धरल्यासारखे केले, मिस्त्री हसले.
मला तो फार उंच होतो. माझं स्वयंपाकघर नव्हेच ते.

दार मात्र तेच लावायचं, नव्याला पैसे कुठले.
खालून दोन बोटं तोकडं पडलं, तिथे पट्टी मारली.
रंगाऱ्याला म्हटलं, बाहेरून दोन हात दे,
आतून नको. तेवढाच डबा वाचेल.

संध्याकाळी दलालाचा फोन.
भाडं किती सांगू, मागचंच की हजार वर?
नवीन किचन म्हणून जाहिरात टाकतो म्हणाला.
उद्या सांगते, म्हटलं.

सिमेंट अजून ओलं आहे.
त्यात नळ आत्ताच गळायला लागलाय,
एकेक थेंब, त्या पोचा आलेल्या जागी बरोबर,
आणि खोली रिकामी असल्यानं
रस्त्यापर्यंत ऐकू येतो.