रोज चार बोटं

इमेरेतीच्या टेकड्यांत, जिथे डांबर संपून चिखल लागतो,
तिथे मुर्मानची शेड आहे.
पत्र्याखाली वाइनचे रांजण उभे, माणसाहून उंच,
काही अर्धे, काही पाऊण, काही नुसते बुडखे.

त्सियाला तिथे आली बावन्नाव्या वर्षी.
तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
या गावाचा आवाज त्या गावाला जोडून दिला तिने.
एक्स्चेंज बंद पडलं.
म्हणाली, मला रांजण शिकव.

मुर्मानने तिचे हात उताणे करून पाहिले, मग पालथे.
"भिंत रोज चार बोटं चढवायची.
मग घरी."
"आणि घरी काय करू?"
"ते मला काय विचारतेस?"

चाक नसतं या कामाला.
मातीची जाड वळी दंडावर पेलायची, काठावर बसवायची,
आतून अंगठा, बाहेरून तळवा,
आणि आपणच फिरायचं भोवती
घाण्याच्या बैलासारखं.
दहा वाजेपर्यंत चार बोटं होऊन जायची.
मग आख्खा दिवस अंगावर यायचा.
तिने घेवडा सोलला, भावजयीशी भांडली, खिडक्या पुसल्या, पुन्हा पुसल्या.

एका रात्री बॅटरी घेऊन ती चोरून शेडमध्ये गेली.
चार बोटं. आणखी चार.
सकाळी रांजण बसला होता एका कुशीवर,
लग्नात जास्त झालेल्या पाहुण्यासारखा.
मुर्मान चिडला असता तर बरं झालं असतं.
त्याने फावडं हातात दिलं:
"मोड. भिजत घाल."

दुसरा तिच्या छातीपर्यंत आला होता.
दक्षिणेचं दार उघडं राहिलं, डोंगरावरचा वारा शिरला
आणि केसाएवढी एक रेघ उमटली, फक्त एक.
तिने ती लिंपली, घोटली, वर ओलं गोणपाट टाकलं.
दोन दिवस कुणालाच दिसली नाही.
तिसऱ्या दिवशी मुर्मान म्हणाला,
"मला नाही दिसणार कदाचित.
वाइनला सापडेल."
मोड. भिजत घाल.

मग हिवाळा. थंडीने माती गोठते, काम बंद.
चार महिने ती कणकेच्याच वळ्या करत राहिली,
रोटी जाड झाली म्हणून नातू रुसला.
पुतण्या म्हणाला, काकू, प्लास्टिकची टाकी मिळते,
फोन केला की दोन दिवसांत दारात.
फोन, म्हणाली ती. हं.

तिसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, वळी बसवता बसवता
तिला एकदम सुचलं:
"मुर्मान, चार बोटं म्हणजे कुणाची?
तुझी की माझी?"
म्हातारा इतका हसला की ठसका लागला.
"तीन वर्षं लागली होय विचारायला!
तुझी, बाई. भिंत तुझी आहे."
तिची बोटं बारीक.
म्हणजे दिवस अजून लांबले.
या वेळी तिने ते मोजले नाहीत.

भट्टी आठवडाभर जळली, दोघं आळीपाळीने जागली.
निवाल्यावर मुर्मानने बोटाच्या पेराने रांजण वाजवला
आणि बाजूला झाला. ऐक.
तिने कान लावला.
तीस वर्षं हेच तर केलं होतं,
लाइन लागली की नाही, ते आवाजावरून ओळखणं.
लागली होती.

आतून मेण लावलं, बाहेरून चुना.
मे महिन्यात माणसं आली, ट्रॅक्टर आला,
खड्डा खणून त्यांनी तो गळ्यापर्यंत पुरला.
एवढी भिंत, एवढ्या सकाळी,
वर उरलं एक तोंड, परातीएवढं,
त्यावर एक कोंबडी येऊन उभी राहिली.

त्सियाला चालत शेडमध्ये परतली.
नवा बुडखा होता तिथे, ओल्या गोणपाटाखाली.
आजची चार बोटं सकाळीच झाली होती.
त्याला आता काही नको होतं.
तिने स्टूल ओढलं,
दक्षिणेचं दार नीट लागलंय ना पाहिलं,
आणि बसली.