शिरगणती

तिकीटवाला पोरगा म्हणाला, शेजारी बाईच बसेल, काळजी नको.
मग मान वर न करता: सोबत कोण?
कुणी नाही, म्हटलं.
त्यानं पुन्हा विचारलं, जणू मला ऐकू कमी येतं.

कार्सहून इझ्मिर.
एक अख्खी रात्र, वर जवळजवळ एक दिवस.
चौतीस वर्षांत मी तिकीट हातात धरलं नव्हतं.
तिकिटं रुस्तमच्या आतल्या खिशात,
खिडकी रुस्तमची,
मी वाटेच्या बाजूला, मांडीवर चीजची पिशवी,
आणि बाहेरचं जे काय असेल ते
त्याच्या कानापलीकडून, अर्धंमुर्धं.
डोंगर मला कायम कानासकट दिसले.

तो आहे. धडधाकट आहे. घरी बदकं सांभाळतोय.
निघताना एवढंच म्हणाला, तुझं काय अडलंय इझ्मिरला?
अडलं काहीच नव्हतं.
तेच तर सांगता येईना.

म्हणून शेजारच्या मुलीला सांगितलं, भाचीचं बाळंतपण आहे.
एर्झुरुमच्या पुढं चहा देणाऱ्या पोराला सांगितलं, डोळ्यांचं ऑपरेशन.
त्यानं माझ्या ओंजळीत लिंबाच्या वासाचं कोलोन ओतलं,
इतरांपेक्षा जरा जास्तच,
म्हणाला, होईल सगळं नीट, मावशी.
मी हात चोळत राहिले.
खोटं बोलून एवढं ताजंतवानं कधी वाटलं नव्हतं.

गंमत म्हणजे कुणी दुरुस्त करेना.
घरी मी तीन कोल्हे म्हटलं की आतल्या खोलीतून आवाज येतो:
दोन, हानिफे. दोन.
इथं त्या मुलीला
लग्नाच्या वर्षीच्या बर्फाची गोष्ट सांगितली
तर कोल्हे पाच झाले,
एकाची शेपटी दारात अडकली,
आणि बस आपली चालतच राहिली.

सिवासच्या अलीकडे, रात्री बाराच्या सुमाराला,
वीस मिनिटं थांबा.
मसुराचं सूप. एकच वाटी.
चारचौघांत एकटीनं जेवताना डोळे ठेवायचे कुठं
हे मला कुणी शिकवलेलं नाही.
मी ते मीठदाणीवर ठेवले.

बाहेर आले तर चार बस, चारही पांढऱ्या,
चारींच्या अंगावर एकच चिखल.
एकीचे दिवे लागले. इंजिन गुरगुरलं.
तेव्हा पोटात गोळा आला.
थांबा हो, आमची बाई यायचीय,
असं म्हणायला आत कुणी नाही.
मी राहिले तर एक सीट रिकामी, बस्स.
आणि रिकामी सीट काही ओरडत नाही.

धावले.
सत्तावन्न वर्षांची, नवे बूट, खाली निसरडं,
जीव खाऊन धावले ती
नेमकी दुसऱ्याच बसकडे.

मागून हाका आल्या. दोन.
ती मुलगी पायरीवर, एक पाय जमिनीवर टेकवून,
सांगत होती, बाळंतपणाला निघालेल्या मावशी यायच्यात!
आणि चहावाला पोरगा आतून,
ऑपरेशनवाल्या मावशी पण नाहीत!
ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात आपटत,
अरे, म्हणजे बायका राहिल्यात किती?

एकच, म्हटलं,
आणि चढले.

दोघांनी माझ्याकडं पाहिलं, मग एकमेकांकडं.
कुणी काही बोललं नाही.
थोड्या वेळानं चहा आला, न मागता,
आणि त्या मुलीनं खालच्या आवाजात विचारलं,
कोल्हे तरी होते ना?

अंकाराला उजाडलं. रुस्तमचा फोन.
पोचलीस?
अर्ध्यात आहे.
बदकं बंद केली रात्री, म्हणाला, अकराच्या अकरा.
बारा, म्हटलं. बारा, रुस्तम.
पलीकडं शांतता.
मग फोन तसाच ठेवून तो अंगणात गेला असणार,
कारण लांबून त्याचं मोजणं ऐकू येत होतं,
एक, दोन, थांब गं, हल्लीस तर,
पुन्हा एक.

मी फोन मांडीवर ठेवला.
बाहेर डोंगर होते, पिवळे, बुटके,
एकालाही कान नाही.