पहिले तीन श्वास

बाजरी आमच्या कुत्रीचं नाव.
बरक्याच्या मासळीबाजारामागे सापडली तेव्हा
पिठाच्या रंगाची होती, डब्याच्या तळाशी उरतं तेवढीच.
आता अल खुवैरच्या तिसऱ्या मजल्यावर
ती सोफ्यावर झोपते
आणि मी सोफा धुते.

पहाटे साडेचारला फिरून येतो आम्ही,
उशीर झाला तर डांबर पंजे भाजतं.
दारातच बादली, कोमट पाणी, जुना पंचा.
एक पाय, दुसरा पाय,
तिसऱ्याला ती लाजते,
चौथा देतच नाही.

ऑगस्टात इथे समुद्र हवेतच टांगलेला,
ओली कुत्री दिवसभर ओलीच.
आणि ओल्या कुत्रीचा वास म्हणजे
गुरुवारी ऑफिसात विसरलेला डबा
रविवारी उघडलेला.
म्हणून हेअर ड्रायर. माझा होता, आता तिचा.

गालिच्यावर रात्रभर खायचा सोडा.
फरशीच्या पाण्यात व्हिनेगर, फिनेल नाही,
कारण ती फरशी चाटते, मग पंजे,
मग माझं तोंड.
एसीची जाळी दर पंधरवड्याला काढते.
तिच्यातल्या केसांची आख्खी दुसरी कुत्री होईल.
हेरंब म्हणतो, झाली तर तिचं नाव ज्वारी.

एवढं करूनही एक प्रश्न उरतो,
विचारायला जीभ रेटत नाही असा:
येतो का हो, आमच्या घराला वास?

आपल्या नाकाचा काय उपयोग,
घरचं मीठ खाल्लेलं, ते साक्ष कशी देणार?
गॅसवाल्या शफीउलला विचारलं.
"काही नाही, दीदी," म्हणाला,
नाकावरचा गमछा न काढता.

शेजारच्या उम्म सैफ उंबरा ओलांडत नाहीत.
नमाजाचे कपडे, घरात कुत्री;
त्यांनी बोलून दाखवलं नाही, मीही आग्रह केला नाही.
पण बुधवारी संध्याकाळी
लोबानाची धूपदाणी आमच्या दाराशी ठेवतात,
निखारा जिवंत, धूर आत वळवलेला.
वर्षभर मला कळेना,
हा आहेर की निरोप.

जुलैत कुडाळहून महिन्यानं परतलो.
बाजरी अजून सीबच्या बाईंकडे होती.
कुलूप काढलं.
बंद घर खरं बोलतं, पण तीनच श्वास;
चौथ्याला नाक पुन्हा घरचं होतं.

पहिला: न्हाणीघराची सुकलेली मोरी.
दुसरा: हिंग.
तिसऱ्याला डोळे मिटून तिला शोधलं,
सोफ्याखाली, पडद्यात, गालिच्याच्या कडेला,
आणि सापडले
गेल्या मे महिन्यात डब्यात कोंबलेले सोडे,
खोबरेल,
आम्ही.

बॅगा तशाच टाकून मी शेजारची बेल वाजवली
आणि विचारलंच.
उम्म सैफ ओढणीत हसल्या.
कुत्री? छे.
बुधवारी तू काहीतरी तळतेस, सुकं, समुद्रातलं.
सूरला माझी आई तळायची असंच.
लोबान घेऊन आलं की
दारात थोडं थांबता येतं.

मी खाली बघत राहिले.
त्यांच्या पायात घरातल्या चपला होत्या,
टाचेशी झिजलेल्या.

दुसऱ्या दिवशी बाजरी आली.
अंगावर उडी नाही, शेपूट नाही.
दारातच मला अडवलं
आणि नाक लावलं चपलेला:
कुडाळची लाल माती,
वहिनीचा बोका,
विमानतळाची फरशी, अजून कायकाय,
एकेक वाचत, मागे जात, पुन्हा वाचत.
हातात पिशव्या, एसीची हवा बाहेर चाललेली,
हेरंब आतून ओरडतोय, दार लाव.

मी गप उभी.
एक पाय झाला तपासून.
दुसरा मी आपणहून पुढे केला.