उगंच

पिशवी हातात असली की कुणी विचारत नाही.
टॉवेलच्या उरल्या तुकड्याची, मीच शिवलेली.
आत कोथिंबिरीच्या चार काड्या, नाहीतर
कोंडा डॉक्टरची मागच्या वर्षीची चिठ्ठी
आणि खोकल्याची रिकामी बाटली.
बाटली दिसली की बाई कामाला निघालेली.
अकरा वर्षं हाच परवाना दाखवत
अशोक चौक ते कन्ना चौक,
आणि परत.

आज ती खुंटीवरच राहिली.
विसरले म्हणू? नाही.
बघितलं तिच्याकडं
आणि चपला घातल्या.

साडेआठ. भाकरी उतरवली तरी
तवा बराच वेळ धगधगतो,
तशा भिंती.
हात मोकळे. मोकळ्या हातांचं काय करायचं
हे कुणी शिकवलंच नाही.
आधी ओढणीत, मग एकमेकांत,
मग दिले सोडून.
आपोआप हलायला लागले,
पुरुषांचे हलतात तसे, मागं-पुढं.

हा रस्ता मला कानांनी पाठ आहे.
येमूलांच्या कारखान्यात माग चालू असला
की मागं वळून बघावं लागत नाही.
त्या खटखटीत कुणीतरी जागं असतं,
तुटलेला धागा जोडत असतं.
पुढं तीन गाळे बंद.
तिथं मी फोन कानाला लावते
आणि कुणालाच न लागलेल्या फोनवर बहिणीला सांगते,
‘हो, आलेच, दोन मिनिटं.’
बहीण भिवंडीला.
तिला ठाऊकही नाही
किती रात्री ती मला न्यायला आली.

मोटरसायकल हळू होते.
पाय न विचारता मेडिकलकडं वळतात.
पोरगा ओळखतो. बोलत नाही,
डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी पुढं सरकवतो.
घरी बिस्किटाच्या डब्यात अशा सतरा पट्ट्या आहेत.
माझं डोकं कधी दुखत नाही.
‘आज नको,’ म्हटलं.
पैसे पिशवीत, पिशवी खुंटीवर.
तशीच उभी राहिले, काउंटरला टेकून,
काहीही विकत न घेता,
तो लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत.

ओट्यावर लच्चव्वा. मांडीवर सूप,
सुपात विड्या, कात्री पानात.
‘याडिकि पोतुन्नवे?’
कुठं निघालीस गं?
तोंडात बाटली आली, चिठ्ठी आली, बहीण आली.
‘ऊके,’ म्हटलं.
उगंच.
दोन्ही भाषांत केवढासा शब्द,
आणि तोंडातून काढायला
त्रेचाळीस वर्षं.

कात्री थांबली.
तिनं मला चपलांपासून वर बघितलं,
रिकाम्या हातांशी जरा रेंगाळली.
मला वाटलं, आता बोलेल काहीतरी,
आईला सांगेन, दिवस बरे नाहीत, असलं.
ती कनवटीला हात घालून म्हणाली,
‘जातेसच तर चुन्याची डबी आण.’
आणि दहाची नोट, विडीच्या वासाची,
माझ्या मुठीत.

झालं. दिलंच काम.
हसू आलं, आणि थोडा रागही.

टपरी डाव्या हाताला येते.
टपरीवर दोघं जण, बोलायचे थांबलेले.
मी नोटेची बारीक घडी घालते,
अगदी पानाएवढी.
चुना येताना घेईन.
कन्ना चौकाच्या पुढं
पिशवी घेऊन मी कधी गेलेच नव्हते.
तिकडंही कुठंतरी माग चालू आहे,
ऐकू येतोय,
कुणाचा ते माहीत नाही.