आवाज शून्यावर

कोपरखैरणे, माथाडींची एक खोली.
रात्रभर कांद्याच्या गाड्या खाली करून
बाबा झोपलेले,
म्हणून आमचं कार्टून मुकंच.
संवाद प्रणितचे, कुजबुजते.
एका डोळ्याचा कासव-कप्तान
बुडत्या होडीवरून ओरडायचा,
“ए भावड्या, डबा आणलास का?”
मी उशीत तोंड खुपसून हसायचे.

काल मोबाईलवर सापडला तोच भाग.
बावीस वर्षांनी, आवाजासकट.
कप्तान म्हणतो, “मला सोडून जा.”
एवढंच.
मग बराच वेळ नुसतं पाणी.

प्रणितला लिंक पाठवली.
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

भाग पुन्हा सुरुवातीला नेला,
आवाज शून्यावर आणला.
बाबा उठतील,
असं वाटलं क्षणभर.
खोलीत कांद्याचा वाससुद्धा नव्हता.