नेमू रफ रेग्युलर

निपाणीच्या जुन्या स्टँडमागं, तंबाखूच्या वखारीवर
नेमूकाकाची 'बिडी' अजून शिल्लक आहे:
वेलांटी उन्हानं विटलेली,
ड-च्या पोटातून एक ओघळ,
आणि खाली तोच शब्द कन्नडमध्ये,
त्याच कुंचल्यानं, त्याच डब्यातल्या रंगानं.

मी फोटो काढले, एकशे बारा.
गिरणीवरचं 'उधार बंद',
चिकोडी रस्त्याला कुस्त्यांचा फलक,
कुंद्याच्या दुकानावरचं 'शुद्ध',
त्यातला द्ध जागा संपल्यानं चौकटीबाहेर टेकलेला,
वस्तीची गाडी चुकलेल्या पाहुण्यासारखा.

पुण्यात रात्र रात्र मी अक्षरं सोलत बसले.
शिरोरेघ जुळेना.
काकाची रेघ सलग नाहीच,
प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर सुटी,
उजवीकडं जराशी उचललेली,
कन्नडच्या तलकट्टासारखी.
ह्याच रेघेपायी शाळेत त्यानं
बोटांवर पट्टी खाल्ली होती.

फाँट चालला.
हल्ली 'गावरान' म्हणायचं असलं
की लोक नेमू रफ लावतात:
तुपाच्या बरणीवर, चिवड्याच्या पाकिटावर,
एकांकिकेच्या पोस्टरवर,
कोथरूडच्या कॅफेत, जिथं 'कडक कॉफी'ला
दोनशे चाळीस पडतात.

तिथली कापडी पिशवी मी काकाला नेऊन दिली.
चष्मा पुसून त्यानं बराच वेळ बघितलं.
"कोण लिवलंय हे?"
तूच की, काका.
"मी न्हवं. दोन क हायेत बघ,
दोनीला एकाच जाग्यावर थेंब.
असा कसा पडंल थेंब, सांग की."

मग मी पर्याय केले. चार क, तीन अ.
ळ मात्र तीनच सापडले.
एक 'केळी'तला, गुबगुबीत.
एक 'गूळ'मधला, शेपटी उडवणारा.
तिसरा कापरा, 'बेळगाव'मधला,
एका बंद दुकानाच्या शटरवर.

तो बघून काका गप्प झाला.
पाट्यांना काळं फासलं त्या रात्रीचा, म्हणाला.
नऊ वाजता मराठीवाले आले, साडेनऊला कन्नडवाले,
दोघांनाही सकाळच्या आत पाहिजे होतं.
दातात बॅटरी धरून लिहिलं.
"काळा रंग पण माझ्याकडनंच नेलेला.
अर्धा लिटर. कोण, ते नको विचारू.
उधारी हाय अजून."

तो ळ फाइलमध्ये आहे.
कुठल्याच बटणाला मी तो बांधलेला नाही.

निघताना काकानं दर विचारला,
अक्षराला किती पडतात आता.
म्हटलं, अक्षरावर नाही रे, सगळी मिळून एकदम,
एकदा घेतली की कायमची.
तो हसला, मग एकदम गंभीर झाला:
"आणि काना-मात्रा?
त्याचं पैसं लावालीस की काय?
आम्ही कधी घेतलं न्हाई, बाई."