ओला की सुका

पहिला फेस शांपूचा केला.
दोन चमचे शांपू, पाव वाटी पाणी,
आणि लग्नात आलेलं, सात वर्षं खोक्यातच झोपलेलं
फेटायचं यंत्र.
निमिषनं हात लावला नाही.
सरळ जीभ लावली.
मग गुळण्या, रडणं, केतकीनं केलेला माझा उद्धार,
आणि खालून पाटीदार काकींची हाक:
‘क्या हुआ भिया, बच्चा गिर गया?’
पडला नाही काकी. चव घेतली त्यानं.

हातांवर त्याचा भरवसा नाही.
गवतावर उतरवला की पाय पोटाशी घेतो,
बोटाला वरणभात लागला
तर तो हात लांब धरून उभा राहतो,
जणू कुणी परकं माणूस
जरा वेळ धर म्हणून देऊन गेलंय.
दोन वर्षं चार महिने.
जग त्याला आधी तोंडानं कळतं,
मग डोळ्यांनी.
हातांचा नंबर अजून लागायचाय.

दुसरा फेस रिठ्यांचा.
सियागंजातून पाव किलो आणले, रात्रभर भिजवले,
सकाळी रवीनं घुसळले.
असा चढला की पातेलं दिसेना.
पण डोळ्यांत गेला तर?
त्यात मग केतकीची महेश्वरी धुतली.
साडी उजळली, मुलगा कोरडाच.

तिसरा ठरवून केला नाही.
रविवारचे छोले उकडले होते,
कुकरच्या तळाशी दाट, पिवळसर पाणी.
ओतायला मोरीवर वाकलो आणि थांबलो.
नशीब, मीठ घालायचं विसरलो होतो.
गार केलं. लिंबाचे चार थेंब. यंत्र सुरू.
पाच मिनिटं नुसतीच खळखळ,
आठव्या मिनिटाला पाणी
आपण पाणी आहोत हे विसरलं.
कुंपणावरच्या गोकर्णीची फुलं उकळून
त्यात निळं पाणी घातलं,
लिंबानं ते जांभळं करून टाकलं.
मला निळंच हवं होतं. असो.

गच्चीवर परात, परातीत जांभळा डोंगर.
निमिष दोन हात लांब, उकिडवा, हात पाठीमागे,
मुनीमजी वही तपासायला बसावेत तसा.
मी ये म्हणालो नाही,
बघ किती छान, असंही नाही.
माझाच हात घातला.

पीथमपुरात मी गिअरचे दाते तपासतो.
बोटांच्या रेघांत तेल बसलंय, साबणाला न जुमानणारं.
इतक्या वर्षांत या हाताला
उलटं ढकलत नाही असं काही लागलंच नव्हतं.
मनगट बुडवलं. मग कोपर.
एक भिंत बांधली, ती बसली, परत बांधली.
खरं सांगतो, मुलगा शेजारी आहे हे
थोडा वेळ माझ्या लक्षातच नव्हतं.

त्याच्या मात्र होतं.
बाबाच्या हाताला लागलंय. बाबा अडकलाय.
उठला, आत गेला,
स्वतःचा पंचा ओढत घेऊन आला
आणि पंचा काखेत तसाच विसरून
नुसत्या हातानंच
माझं एकेक बोट निपटायला लागला.
करंगळी. अनामिका.
तळव्यापर्यंत आला तेव्हा तोच
कोपरापर्यंत जांभळा झालेला,
आणि मी श्वास धरून बसलेला.
मग कळलं त्याला.
हात लांब धरला. पाहिला.
जीभ लावली.

संध्याकाळी केतकी माहेरून आली,
परातीवर वाकली.
‘हे सकाळी गाडीत कशात टाकायचं?
ओल्यात की सुक्यात?’
इंदूरची आहे ती, तिला हा प्रश्न पडणारच.
आम्ही दोघं बघत राहिलो.
ओला म्हणावा तर मुठीत नुसती हवा येत होती,
सुका म्हणावा तर मूठ भिजत होती.

नळाला नर्मदा दुसऱ्या दिवशी यायची होती,
तो जांभळ्या कोपरानंच झोपला.
परातीत सकाळी घोटभर पाणी उरलं,
ते गोकर्णीला घातलं.

छोले अळणी झाले होते. कुणी काही बोललं नाही.
पुढच्या शनिवारी रात्री चणे भिजत घालताना
केतकी एवढंच म्हणाली,
‘मीठ मागाहून घालू.’